हाचिको बघून अकिता घ्यायचाय? मग पिल्लू नंतर, आधी ब्रीडर बघा!

ती रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. टोकियोच्या शिबुया स्टेशनबाहेरचा कुत्र्याचा पुतळा, मागे उदास पियानो आणि 'असा मित्र हवा' असं कॅप्शन. खाली कमेंटमध्ये दोन प्रकारचे लोक असतात. एक रडणारे, दुसरे 'प्राइस?' विचारणारे. हा लेख त्या दुसऱ्यांसाठी आहे.

पुतळा आहे हाचिकोचा. हा अकिता जातीचा कुत्रा १९२३ साली जपानच्या उत्तरेकडच्या ओदाते परिसरात जन्मला आणि टोकियोतले प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्या घरी आला. मे १९२५ मध्ये उएनो अचानक वारले. त्यानंतर मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत हाचिको त्यांची वाट बघत स्टेशनवर येत राहिला. २००९ साली रिचर्ड गेअरचा सिनेमा आला आणि ही गोष्ट जगभर पोचली. तेव्हापासून अकिता म्हणजे निष्ठा, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय.

समीकरण चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. अकिता मुळात बर्फाळ डोंगरात मातागी शिकाऱ्यांसोबत अस्वलांच्या मागावर जाणारा कुत्रा. अंगावर दुहेरी, दाट केस. घरच्यांवर जीव, पण परक्यांशी अंतर राखून. आणि दुसऱ्या कुत्र्याशी, त्यातही आपल्याच लिंगाच्या कुत्र्याशी, अनेकदा अजिबात पटत नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने याच्यापासून सुरुवात करू नये, असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

मग ब्रीडरवर एवढा जोर का? कारण आठ आठवड्यांच्या पिल्लात काहीच दिसत नाही. सगळी पिल्लं टेडी बेअर असतात. अकितातले गंभीर आजार नंतर बाहेर पडतात. एका आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगद्रव्याच्या पेशींवर हल्ला करते. डोळे लाल होतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाते, नाक आणि ओठ पांढरे पडू लागतात. हे बऱ्याचदा ऐन तारुण्यात होतं, म्हणजे कुत्रा घरातला होऊन गेल्यावर. दुसरा आजार त्वचेचा, सेबॅशियस ॲडेनाइटिस. त्यात केसांना तेल पुरवणाऱ्या ग्रंथीच नष्ट होतात, खपल्या पडतात, केस झडतात. खात्री करायला त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. शिवाय खुब्याचा सांधा नीट न बसणं, थायरॉइड, डोळ्यांच्या पडद्याचे आजार आहेतच.

थोडक्यात, तुम्ही पिल्लू निवडता असं वाटतं, पण खरं तर त्याचे आईबाप, आजी-आजोबा आणि त्यांची जोडी लावणारा माणूस निवडत असता. 'आमच्या कुत्र्यांना कधीच काही झालं नाही' असं ब्रीडर म्हणाला तर खूश होऊ नका. वर्षानुवर्षं अकिता पाळणाऱ्याने एकही आजार पाहिला नसेल, तर त्याने आपली पिल्लं विकल्यावर पुन्हा कधी त्यांची चौकशी केली नसण्याचीच शक्यता जास्त. 'आमच्या लाइनमध्ये एकाला त्वचेचा त्रास झाला, मग ती जोडी आम्ही पुन्हा लावली नाही', असं सांगणारा माणूस जास्त भरवशाचा.

तोंडी शब्दाला कागदाची जोड हवीच. खुब्याचा एक्स-रे तपासून दर्जा देणारी ओएफए ही अमेरिकन संस्था अंतिम प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. म्हणजे मादी दीड वर्षाची आहे, पिल्लं झालीत आणि 'हिप्स क्लिअर आहेत' असं कोणी सांगत असेल, तर किमान या संस्थेचं अंतिम प्रमाणपत्र त्याच्याकडे असूच शकत नाही. ओएफएच्या वेबसाइटवर कुत्र्याचं नोंदणीकृत नाव टाकून निकाल शोधता येतो. डोळ्यांची तपासणी तर ठरावीक काळाने पुन्हा करायची असते, त्यामुळे रिपोर्टवरची तारीख बघा.

इथे भारतात एक मोठा गैरसमज आहे, 'केसीआय पेपर आहेत ना, मग टेन्शन नाही'. केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर वंशावळ सांगतो. त्यावरून आरोग्याची हमी मिळत नाही. पेपर असावाच, पण तिथे थांबू नये.

कोणता अकिता, जपानी की अमेरिकन?

हा प्रश्न विचारल्यावर विक्रेता गडबडला, तर फोन ठेवून द्या. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये या जातीची वाताहत झाली. उरलेल्या कुत्र्यांत जर्मन शेफर्डसारख्या जातींचं रक्त मिसळलं होतं. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी असेच दणकट कुत्रे मायदेशी नेले. इकडे जपानने मूळ रूप परत आणण्यावर मेहनत घेतली. दोन वाटा इतक्या लांब गेल्या की एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संस्था आज त्यांना दोन वेगळ्या जाती मानते.

जपानी अकिताचा चेहरा कोल्ह्यासारखा, रंग लालसर, तिळासारखा, पट्टेरी किंवा पांढरा. तोंडावर काळा मुखवटा चालत नाही. अमेरिकन अकिताला सगळे रंग चालतात, डोकं अस्वलासारखं रुंद, आणि नराचं वजन साधारण ४५ ते ५९ किलो. काळ्या तोंडाचं पिल्लू 'प्युअर हाचिको लाइन' म्हणून विकलं जात असेल, तर काय ते समजून घ्या.

जपानने १९३१ साली या कुत्र्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. त्याच्या चार वर्षं आधी, १९२७ मध्ये, ओदातेत अकिता इनू होझोनकाई ही जतन संस्था सुरू झाली होती. ती आजही वंशावळीची नोंद ठेवते. जपानमध्ये ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अकितासारख्या वारसा जातींना ४९ दिवसांची सवलत आहे, पण ब्रीडर थेट पाळणाऱ्याला विकत असेल तरच. आणि विकण्याआधी कुत्रा प्रत्यक्ष दाखवून समोरासमोर माहिती देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. फोटो पाठवला, पैसे घेतले, कुरिअरने पिल्लू रवाना, असं तिथे चालत नाही.

मग भारतात काय?

आपल्याकडे २०१७ चे कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान नको आणि त्याला मायक्रोचिप हवी. नोंदणी प्रमाणपत्र मागायला लाजू नका. चिपचा १५ अंकी नंबर तुमच्या डॉक्टरांकडून स्कॅन करून कागदाशी जुळवून घ्या.

अजून एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'हिंस्र' ठरवलेल्या २३ जातींवर बंदी घालायचं पत्रक राज्यांना पाठवलं होतं. त्या यादीत अकिताही होता. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केलं. तरी पैसे भरण्याआधी तुमच्या महापालिकेचा परवान्याचा नियम नक्की विचारा. उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण झालं, तर तोच कागद कामी येईल.

चांगला ब्रीडर ओळखायची सगळ्यात सोपी खूण मात्र कागदावर नसते. तो तुमचीच मुलाखत घेतो. घर भाड्याचं की स्वतःचं? दिवसभर घरी कोण? आधीचा कुत्रा आहे का, नर की मादी? मे महिन्यात नागपुरात लाइट गेली तर काय करणार? अशा प्रश्नांनी काहींना राग येतो, 'पैसे देतोय ना' असं वाटतं. पण ज्याला हे विचारावंसं वाटत नाही, त्याला पिल्लाचं पुढे काय होतं याच्याशी देणंघेणं नाही.

आणि तो काही गोष्टी न विचारता सांगतो. उदाहरणार्थ कांदा. कांदा-लसूण सगळ्याच कुत्र्यांना घातक, पण जपानी जातींच्या बऱ्याच कुत्र्यांत लाल रक्तपेशींची जडणघडण आनुवंशिकरीत्या अशी असते की कांद्याचं विष जास्त बाधतं. पेशी फुटून ॲनिमिया होतो. म्हणजे आजीने प्रेमाने भरवलेले कांदेपोहे महागात पडू शकतात. अकिताच्या लाल पेशी मुळातच लहान असतात, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट बघून नवखा डॉक्टर गोंधळू शकतो. हेही मुरलेला ब्रीडर आधीच कानावर घालतो.

भेटायला जाल तेव्हा आई दाखवायला सांगा. बाप दुसऱ्या शहरात असू शकतो, ते ठीक. पण दूध पिणाऱ्या पिल्लांची आई 'आत्ता फार्महाउसवर आहे' असेल, तर पिल्लं कुठून तरी आणलेली असण्याची शक्यता मोठी. आई भेटली की तिच्या अंगावरचे केस, डोळे आणि अनोळखी माणसाकडे बघण्याची तिची पद्धत निरखून बघा.

शेवटी करार लेखी घ्या. त्यात एक ओळ असायलाच हवी, ती म्हणजे कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणं अशक्य झालं तर ब्रीडर तो परत घेईल, वय कितीही असो. ही ओळ लिहून देणारे फार थोडे भेटतील. त्यांच्याकडे पिल्लू तयार नसेल तर यादीत नाव टाकून थांबा, आणि तोवर टोकन मागणाऱ्या बाकीच्या नंबरांना उत्तर देऊ नका.