गीरचे सिंह मोजतात कसे?

मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने गीरच्या सिंहांचा नवा आकडा जाहीर केला: ८९१. आफ्रिकेबाहेर रानात मोकळे फिरणारे सिंह एवढेच, आणि तेही सगळे सौराष्ट्रात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इतके थोडे उरले होते की जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला नसता, तर आज मोजायला काही राहिलंच नसतं. पण हा आकडा वाचताना आपल्या मनात येतंच, की रानातल्या सिंहांची हजेरी घेतात तरी कशी?

ताडोबात झाडांवर कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, हे आपण ऐकलं असेल. सिंहाच्या अंगावर पट्टे नाहीत. त्यामुळे गीरमध्ये माणसं प्रत्यक्ष पाहून मोजतात. पूर्वी जनावर बांधून आमिष दाखवत आणि खायला येणारे सिंह मोजत. त्यात तेच सिंह पुन्हा पुन्हा हजर होत, आणि आमिषापर्यंत न आलेले मोजणीतून सुटत. ती पद्धत सोडून दिली ते बरंच झालं.

सुरुवात होते महिना निवडण्यापासून. दर पाच वर्षांनी होणारी ही गणना उन्हाळ्यात, बहुधा मे महिन्यात घेतात. तेव्हा सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं आणि पाणवठे मोजकेच उरतात. सिंह पाण्याच्या आसपासच सापडतात.

मग जमिनीची वाटणी. २०२५ मध्ये ११ जिल्ह्यांतला सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भाग लहान लहान तुकड्यांत विभागला होता. प्रत्येक तुकड्यावर गणक आणि सोबत ते रान पायाखालचं असलेले वनरक्षक. १० आणि ११ मे रोजी प्राथमिक मोजणी झाली, १२ आणि १३ मे रोजी अंतिम.

सिंह दिसला की वेळ, जागा, तो कुठल्या दिशेने गेला, नर की मादी, अंदाजे वय, कानाची चीर, जुना व्रण, शेपटीचा गोंडा, सगळं टिपायचं. नोंद कंटाळवाणी वाटते खरी, पण पुढचं सारं तिच्यावरच उभं असतं.

कारण सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दुबार मोजणीचा. समजा, संध्याकाळी सहाला एका पथकाला तीन माद्या आणि दोन बच्चे पूर्वेकडे जाताना दिसले. आठला शेजारच्या पथकाला तीन माद्या दिसल्या, पण बच्चा एकच. हा तोच कळप आणि एक बच्चा झुडपात राहिला, की दुसराच कळप? दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वेळ, दिशा आणि खुणा जुळवल्याशिवाय सांगता येत नाही. एका पथकाने दिशा लिहायची राहिली, तर पाच सिंहांचे नऊ होऊ शकतात.

उलटी चूकही होते. सिंहीण अगदी लहान पिल्लांना झाडोऱ्यात दडवून ठेवते. ती मोजणीतून सुटतात. आणि आयाळ नुकती फुटू लागलेला तरुण नर लांबून मादीसारखा दिसतो.

संशोधक याहून बारीक खूण वापरतात. सिंहाच्या मिश्या जिथून उगवतात तिथे काळसर ठिपक्यांच्या ओळी असतात. त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी आणि आयुष्यभर तीच. मात्र त्यासाठी तोंडाचा जवळून, स्पष्ट फोटो लागतो, आणि सिंह काही फोटोसाठी तोंड वळवून बसत नाही.

आकड्यांची तुलना करतानाही जपून. २०२० मध्ये कोविडमुळे नेहमीची गणना झाली नाही. त्या वेळचा ६७४ हा आकडा पौर्णिमेच्या रात्री वनखातं करत असलेल्या पाहणीतून आला. पद्धत वेगळी, म्हणून ६७४ आणि ८९१ यांची सरळ वजाबाकी करून वाढ इतकीच झाली असं मी तरी म्हणणार नाही. सिंह वाढले आहेत यात मात्र शंका नाही.

आता ८९१ उलगडून पाहू: १९६ प्रौढ नर, ३३० प्रौढ माद्या, १४० तरुण आणि २२५ बच्चे. एवढ्या माद्या आणि बच्चे असणं चांगलं लक्षण. पण निम्म्याहून अधिक सिंह गीरचं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या बाहेर, शेतांत, माळांवर, समुद्रकाठी राहतात. तिथे कठडा नसलेल्या विहिरी आहेत, पिकांभोवती सोडलेली वीज आहे, पिपावाव बंदराकडे जाणारे लोहमार्ग आहेत.

मोठा धोका रोगाचा. २०१८ मध्ये पूर्व गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर, म्हणजे एरवी कुत्र्यांत आढळणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला, तेव्हा अमेरिकेतून लस मागवावी लागली. हाच रोग १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत पसरला आणि तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले.

सगळे सिंह एकाच प्रदेशात नकोत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायला सांगितलं. सिंह गेले नाहीत. २०२२ मध्ये तिथे नामिबियातून चित्ते आले. दरम्यान २०२३ च्या जानेवारीत एक नर सिंह आपणहून पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात पोचला. २०२५ च्या गणनेत तिथे १७ सिंह मोजले गेले. पण बरडाही सौराष्ट्रातच, गीरपासून साधारण शंभर किलोमीटरवर.