पाळण्याची दोरी कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, कोणत्या सणाला कोणता देव हे आपल्याला पोथी वाचून कळलेलं नसतं. ते स्वयंपाकघरातच कळतं. उकडीचे मोदक झाले की गणपती, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी अन् दुसऱ्या दिवशी पुरणपोळी म्हणजे गौरी. देवांच्या जन्माच्या वेळाही आपल्याला तोंडपाठ असतात. मारुतीचा जन्म सूर्योदयाला, रामाचा भर दुपारी बाराला, दत्ताचा दिवेलागणीला आणि कृष्णाचा मध्यरात्री.

रामनवमीला आपण सुंठवडा वाटतो. सुंठ, सुकं खोबरं, खारीक, साखर. हा खरं तर बाळंतिणीचा खुराक! देव जन्मला म्हणून पाळणा बांधायचा आणि त्याच्या आईसाठी सुंठवडा करायचा. म्हणजे रामनवमी रामाची, तशीच ती कौसल्येचीही. हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगलं ते जांब समर्थला.

जांब हे आमच्या जालना जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं गाव. शके १५३० मध्ये, म्हणजे सन १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. तोच पुढे समर्थ रामदास झाला आणि गावाच्या नावालाही ‘समर्थ’ जोडलं गेलं. रामाची आणि रामाच्या दासाची जन्मतिथी एकच, जन्मवेळही माध्यान्हीचीच सांगतात. त्यामुळे इथल्या रामनवमीला दोन बाळांचा आनंद असतो. आणि आयाही दोन, कौसल्या आणि राणूबाई.

मंदिराच्या सावलीत बसले होते, तेव्हा राणूबाईंचाच विचार मनात घोळत होता. नारायण लहान असतानाच सूर्याजीपंत गेले. गंगाधर आणि नारायण या दोन मुलांना घेऊन ती माउली मागं राहिली. बाराव्या वर्षी धाकटा बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून निघून गेला, तो चोवीस वर्षांनी परतला. रडून रडून तिची दृष्टी गेली होती आणि लेकाच्या स्पर्शानं ती परत आली, अशी कथा सांगतात. कौसल्येचं तरी काय वेगळं? राम वनात गेला आणि दशरथ गेला. चौदा वर्षांनी राम अयोध्येत आला तेव्हा ती विधवाच होती. तिनं लेकाला दुरून पाहिलं असेल का हो?

हे सगळं मला का आठवलं, तेही सांगते. आमच्या गल्लीत लहानसं राममंदिर आहे. तिथला सुंठवडा बरीच वर्षं एक काकू करतात. सुंठ कुटण्यापासून पुड्या बांधण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. पण बाराचा ठोका पडला, पाळणा म्हणायला सुरुवात झाली की त्या खांबाआड जाऊन उभ्या राहत. काका गेल्यापासून त्यांनी दोरीला हात लावला नव्हता. त्यांना कुणी ‘नको’ म्हटलं नव्हतं, पण ‘या’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी बचत गटाच्या बैठकीत बायकांच्या हक्कांवर तासभर बोलणारी, पण दरवर्षी तीच दोरी धरून मीही गप्पच राहिले!

ऑगस्ट २०२२ मध्ये, ऐन श्रावणात, जांबच्या मंदिरातल्या राममूर्ती चोरीला गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या गल्लीतही घास गोड लागेना. काकू तर पदरानं डोळे पुसत होत्या. गणपती आले, नवरात्र झालं, दसरा गेला. ऑक्टोबरमध्ये मूर्ती सापडल्या तेव्हा कुठं जिवात जीव आला. त्या काळात रडताना कोण सवाष्ण, कोण विधवा हे कुणी पाहिलं नाही. मग पाळण्याच्या वेळीच ते का पाहायचं?

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक सरकारनं काढलं. चांगलंच झालं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो, दोरी तर आपल्या हातात असते.

जांबहून आल्यानंतरच्या रामनवमीला मी धीर केला. बारा वाजले तशी खांबापाशी गेले आणि म्हटलं, “काकू, चला. सुंठवडा तुमचा आणि बाळ आमचं, असं कसं?” त्या आधी नको नकोच म्हणाल्या. एक बाई कुजबुजल्या, दुसऱ्या उठून बाहेर गेल्या. माझ्याही पोटात गोळा आला होता. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनीच दोरी काकूंच्या हातात दिली. काकूंनी दोनच झोके दिले, पण पाळण्याचे शब्द त्यांना सगळे पाठ होते.

उठून गेलेल्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बोलतील हळूहळू. प्रसादाची पुडी मात्र मी त्यांच्या घरी नेऊन दिली.

येत्या रामनवमीला तुमच्याही देवळात पाळणा हलेल. तेव्हा एकदा मागं वळून खांबाआड पाहा. तिथं कुणी उभी असेल, तर तिला हाक मारा. आज कौसल्या आली, राणूबाई आली, तर तिच्याच बाळाच्या पाळण्याची दोरी आपण तिला देणार नाही का?