झोंबी कुणाच्या बापाचा? उसनं घेणं आणि ढापणं

एपिसोडच्या ऑडिओवरूनच हे लिहून काढलंय, त्यामुळे वाचतानाही बोलल्यासारखंच वाटेल. चालवून घ्या.

'झोंबिवली' आठवतोय ना? आदित्य सरपोतदारचा, 26 जानेवारी 2022 ला आलेला, अमेय वाघ आणि ललित प्रभाकरवाला. डोंबिवलीत झोंबी. या पिक्चरचा विषय निघाला की ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "अरे, हॉलिवूडची कॉपी आहे." माझा त्याला साधा प्रश्न असतो: कुठल्या हॉलिवूडची? पिक्चरचं नाव सांग.

इथेच गंमत सुरू होते, कारण झोंबी हॉलिवूडचाही नाहीच. शब्द आला हैतीहून, तिथल्या वूडू परंपरेतून. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' या सिनेमात झोंबी म्हणजे मांत्रिकाच्या ताब्यातली माणसं. साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारी. ती कुणाला चावत नाहीत, कुणाचा मेंदू खात नाहीत. आपल्याला माहीत असलेला झोंबी, म्हणजे घोळक्याने येणारा, चावला की तुम्हालाही तसंच करणारा आणि डोक्यात घाव घातल्याशिवाय न मरणारा, हा जॉर्ज रोमेरोचा. सिनेमा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', साल 1968. आता रोमेरोने तरी हे स्वतःच्या डोक्यातून काढलं का? नाही. रिचर्ड मॅथेसनची 1954 ची कादंबरी 'आय अ‍ॅम लेजंड', ज्यात एक माणूस घरात कोंडून घेतो आणि बाहेर रक्तपिपासू गर्दी असते, तिथून त्याने उचललं, आणि ते त्याने उघडपणे सांगितलंही. त्याच्या सिनेमात तर 'झोंबी' हा शब्दसुद्धा नाही. ते नाव प्रेक्षकांनी चिकटवलं.

आता यातला माझा आवडता भाग. त्या काळी अमेरिकेत कायदा असा होता की सिनेमाच्या प्रिंटवर कॉपीराइटची सूचना छापायलाच हवी. रोमेरोच्या सिनेमाचं आधी नाव वेगळं होतं. वितरकाने ते बदलून नवं टायटल लावलं आणि त्या गडबडीत सूचनेची ओळ गळली. एक ओळ! झालं, सिनेमा पब्लिक डोमेनमध्ये. कुणीही दाखवा, कुणीही विका. रोमेरोच्या हातून पैसा गेला, पण झोंबी जगभर पसरला. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, हे म्हणजे रिपो चुकून ओपन सोर्स झाल्यासारखं आहे. (आज नियम बरोबर उलटा आहे हं. गिटहबवर लायसन्स फाइल नसलेला कोड दिसला म्हणजे तो फुकटचा नसतो. लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे. फ्रेशर मंडळींनी हे लिहून ठेवा.)

तर झोंबी ही सगळ्यांची लायब्ररी झाली. इम्पोर्ट करा आणि वापरा. मग प्रश्न उरतो की तुम्ही त्यात काय बांधलंत? रोमेरोनेच 1978 मध्ये 'डॉन ऑफ द डेड'मध्ये झोंबी मॉलमध्ये सोडले आणि खरेदीच्या वेडाची टर उडवली. कोरियात 2016 ला 'ट्रेन टू बुसान' आला. तिथे धावत्या ट्रेनच्या डब्यात कोण कुणाला दार उघडतं आणि कोण बंद करतं, हीच गोष्ट आहे. 2013 चा 'गो गोवा गॉन' म्हणजे गोव्याची पार्टी बिघडते तो प्रकार. आणि 'झोंबिवली'त? एकीकडे टॉवर, शेजारी वस्ती, आणि मधे पाणी. आजार पसरतो पाण्यातून.

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला इथे वेगळं काही समजावायला लागत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं यावर दिवस लावणारी घरं आणि टँकरच्या रांगा आपण बघितल्यात. केमिकलबद्दल तर बोलायलाच नको. जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री बघायला आले होते. सिनेमा येऊन गेल्यावर 23 मे 2024 ला तिथल्या केमिकल कंपनीत स्फोट झाला आणि माणसं मेली. सायन्स फिक्शन लिहायला आपल्याला अमेरिकेत जायची गरजच नाही. माझं मत विचाराल तर 'झोंबिवली' दुसऱ्या अर्ध्यात थोडा पसरतो, पाण्याचा धागा अजून घट्ट धरता आला असता. पण कॉपी? नाही. नियम बाहेरचे, दुखणं इथलं.

आता जरा अवघड केस. 'झपाटलेला', 1993, महेश कोठारे. आपल्या सगळ्यांचा लाडका तात्या विंचू. पण 1988 चा 'चाइल्ड्स प्ले' बघितलाय का? पोलिसाच्या गोळीने मरणारा गुन्हेगार मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि त्याला बाहुल्यातून सुटायचं असतं. हा सांगाडा जसाच्या तसा इथे आलाय. इथे 'प्रेरणा' वगैरे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. आणि तरीही तात्या विंचू चकीची झेरॉक्स वाटत नाही, ते का?

मला वाटतं, याचं उत्तर बाहुल्यात आहे. चकी हा टीव्हीवर जाहिरात येणारं, दुकानात खोक्यात मिळणारं खेळणं. अमेरिकन आईबापांची भीती ती. आपल्याकडे बोलणारा बाहुला म्हटला की डोळ्यांसमोर येतात अर्धवटराव आणि पाध्ये घराणं. तात्याचा बाहुला केला तो रामदास पाध्यांनीच, म्हणजे य. के. पाध्यांच्या मुलाने, ज्यांनी अर्धवटराव जन्माला घातला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. समोर लक्ष्मीकांत बेर्डे, ज्याची भीतीसुद्धा हसवते. सांगाडा उसना, पण आत मराठी माणसाने आधीच ऐकलेले आवाज. म्हणून ते इथे रुजलं. फक्त रुजलं म्हणून उसनवारी माफ होते, असं मात्र मी म्हणणार नाही.

यावर कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टाचा 1978 चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं नाटक होतं 'हम हिंदुस्तानी'. त्यांचं म्हणणं, 1956 चा 'न्यू दिल्ली' हा सिनेमा त्यावरून चोरलाय. कोर्टाने सांगितलं की कल्पना, विषय, कथानकाची ढोबळ रूपरेषा यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. आणि कसोटी दिली ती एकदम प्रेक्षकाची: दोन्ही गोष्टी पाहिलेल्या माणसाला 'ही त्याचीच नक्कल आहे' असं स्पष्टपणे वाटतंय का? त्या केसमध्ये वाटत नव्हतं. आनंद हरले.

हद्द ओलांडली की काय होतं, तेही बघा. सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' 1964 चा. त्याने अकिरा कुरोसावाच्या 1961 च्या 'योजिम्बो'तले प्रसंगच्या प्रसंग घेतले होते, परवानगीशिवाय. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि जपानी बाजूला कमाईतले 15 टक्के द्यावे लागले. 'टर्मिनेटर'चं अजून मजेशीर. भविष्यातले सैनिक आजच्या जगात येऊन पडतात ही कल्पना हार्लन एलिसनच्या 1964 च्या टीव्ही एपिसोडमध्ये होती. एलिसनने आवाज उठवला, तडजोड झाली आणि शेवटच्या श्रेयनामावलीत त्याच्या लेखनाचा उल्लेख आला. जेम्स कॅमेरॉनला ते कधीच पटलं नाही.

खरं म्हणजे मराठीला याचं वावडं असायचं कारण नाही. आपल्याकडे 'रूपांतर' हा शब्द रुळलेला आहे. देवलांचं 'संशयकल्लोळ' मुळात फ्रेंच मोलियरचं, इंग्रजीमार्गे आलेलं. पुलंचं 'अंमलदार' गोगोलचं, 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉचं. मूळ नाव सांगितल्याने कुणाची उंची कमी झाली नाही. एमआयटी लायसन्स तरी दुसरं काय मागतं? वापरा, बदला, विकासुद्धा, फक्त मूळ लिहिणाऱ्याची ओळ पुसू नका.

आता कल्याणच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज. त्याने शॉर्ट फिल्मची स्क्रिप्ट लिहिलीय. एक पोरगा रोज त्याच डोंबिवली-सीएसएमटी लोकलमध्ये जागा होतो, तीच सकाळ पुन्हा पुन्हा. मित्र म्हणाला की हा 'सोर्स कोड' आहे, म्हणून हा फाइल डिलीट करायला निघालाय.

दादा, थांब. 'सोर्स कोड' 2011 चा, शिकागोजवळची ट्रेन, आठ मिनिटं, आणि बॉम्ब कुणी ठेवला ते शोधणं. तुझ्या स्क्रिप्टमध्येही बॉम्ब आहे, आणि माझ्या मते तेवढाच भाग उसना वाटतो. टाइम लूप कुणाच्याच मालकीचा नाही. पण आपल्या लोकलमध्ये माणूस मरायला बॉम्ब लागतो का? 9 जून 2025 ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. व्हिलन कुणीच नव्हता. आता तुझ्या पोराला वळणाआधीची आठ मिनिटं दे. तो कुणाला आत ओढणार? आत जागाच नाही. साखळी ओढली तर मागची गाडी अडकणार. डोंबिवलीतच एकाला खाली उतरवलं, तर त्या जागी दुसरा लटकणार. अमेरिकन पिक्चरमध्ये बॉम्ब सापडला की गोष्ट संपते. इथे शोधायला काही नाहीच, आणि म्हणून लूप तुटत नाही. ही स्क्रिप्ट कुणी कॉपी म्हणून दाखवावी.

तर बॉम्ब काढ, फाइल ठेव. शेवटी 'सोर्स कोड'चे आभार एका पाटीवर टाक, चार सेकंदांचं काम आहे. आणि मोबाइल घेऊन थेट डब्यात शूट करायला जाऊ नकोस. त्याला मध्य रेल्वेची रीतसर परवानगी लागते आणि ती आधीच काढावी लागते. तोवर गर्दीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेव, एडिटला लागेलच.