अपुऱ्या पोथीचे पुढले पान

नाताळच्या या पर्वकाळी आम्हां कीर्तनकारांस लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होते. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंचा संसार दुभंगला. त्या दुःखातले काही दिवस त्यांनी आमच्या पंढरीतच कंठिले. पुढे १९०० साली त्यांनीही येशूचरणी आश्रय घेतला. ख्रिस्तभक्ती मराठी कीर्तनातून गाणारे टिळक १९१९ साली निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शाळेत न गेलेल्या या माउलीने, पतीनेच गिरवून घेतलेल्या अक्षरांच्या बळावर, पुढले अध्याय रचिले. कृतज्ञता म्हणतात ती हीच! वाचकहो, दिवंगतांचे काही ना काही अपुरे कार्य प्रत्येक घरी असतेच. शोक आवरून त्याचे पुढले पान उघडावे. आशा याहून निराळी नाही.