तळ नवा, बोट जुनी

अमेरिकेत एखाद्या गोठ्यात वीस-तीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली क्रिस-क्राफ्ट बोट कुणी विकत घेतली, की करवत हाती धरण्याआधी तो पत्र लिहितो. व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्ट कंपनीचं जुनं दप्तर जपून ठेवलेलं आहे. या दप्तरात बोटीगणिक एक कार्ड आहे. बोटीच्या लाकडात ठोकलेला क्रमांक कळवला, की कार्डाची प्रत मिळते. मॉडेल कोणतं, इंजिन कोणतं, रंग आणि सजावट काय दिली होती, कोणत्या तारखेला कोणत्या विक्रेत्याकडे रवाना केली, हे सगळं त्यावर असतं. काही मालक या कार्डाची चौकट करून भिंतीवर लावतात.

मला त्या कार्डात दुसरंच काही दिसतं. या बोटींबद्दल बोलताना लोक हळवे होतात. कुणा म्हाताऱ्या कारागिराने महिनोन्‌महिने खपून त्या घडवल्या असाव्यात, असा सूर लागतो. कार्ड मात्र सांगतं की हा कारखान्याचा माल होता. क्रमांक पाडून, साच्यावर बेतून, विक्रेत्याची मागणी आली तसा गाडीवर चढवलेला.

ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ (१८६१–१९३९) हा मिशिगनमधल्या अल्गोनॅकचा. गाव सेंट क्लेअर नदीच्या काठावर आहे आणि पलीकडचा काठ कॅनडाचा. आजूबाजूच्या दलदलीत बदकांची शिकार चाले, तिच्यासाठी होड्या लागत. पोरवयातच त्याने पहिली होडी बांधली. पुढे शर्यतीच्या बोटींमुळे त्याचं नाव झालं. ट्रकचा हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा काढून श्रीमंत झालेला गार वुड त्याला येऊन मिळाला, आणि दोघांच्या ‘मिस अमेरिका’ने १९२० साली इंग्लंडमध्ये जाऊन हार्म्सवर्थ करंडक जिंकला. शर्यतींत नाव होतं, पैसा मात्र जातो. १९२२ मध्ये स्मिथने मुलांना हाताशी धरून वेगळी कंपनी काढली आणि चारचौघांसाठी बोटी करायला घेतल्या. सुरुवातीच्या सव्वीस फुटी बोटींत कर्टिस ओएक्स-५ ही नव्वद अश्वशक्तीची विमानाची इंजिनं बसवली. पहिल्या महायुद्धानंतर ती ढिगाने शिल्लक पडली होती आणि स्वस्तात मिळत होती.

ठरलेली मॉडेलं, छापील कॅटलॉग, गावोगावचे विक्रेते: मोटारींचं डेट्रॉइट जवळच होतं, त्यामुळे ही रीत कुणाला शिकवावी लागली नाही. १९३० मध्ये कंपनीचं नावच क्रिस-क्राफ्ट झालं. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यांतून सैन्यासाठी छत्तीस फुटी उतरण-नौका हजारोंनी बाहेर पडल्या. १९५० मध्ये तर कंपनीने सुट्या भागांचे संच विकायला काढले. घरी न्या आणि स्वतः जोडा. साठच्या दशकात फायबरग्लासने बाजार खाल्ला आणि सत्तरच्या सुरुवातीला लाकूड संपलं. कंपनी फ्लॉरिडात आजही आहे, पण तिच्या बोटी आता फायबरच्या असतात.

ही बोट बांधलेली कशी असते, हे कळल्याशिवाय दुरुस्तीतली भांडणं कळत नाहीत. खाली कणा, त्यावर आडव्या फासळ्या, बाजू आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यातून नाळेपासून मागच्या फळीपर्यंत गेलेली पट्टी; तिला चाइन म्हणतात. बाजूच्या फळ्या फिलिपाइन महोगनीच्या. नावात महोगनी असली, तरी वनस्पतीच्या जातकुळीने ती खरी महोगनी नाही. पण सरळ रेषांचं, हलकं आणि वाकवायला सोपं लाकूड. दोन फळ्यांच्या सांध्यामागे आतून एक लांब पट्टी येते आणि दोन्ही फळ्या तिला स्क्रूंनी आवळलेल्या असतात. तळ दुहेरी. आतला पातळ थर तिरका, बाहेरचा जाड थर लांबीला धरून, आणि दोन्हींच्या मध्ये लुकणासारख्या चिकट लेपात भिजवलेलं कॅनव्हास.

हा तळ पाणी प्यायला हवा, अशाच बेताने केलेला असतो. पावसाळ्यात जुन्या घराचं दार चौकटीत फुगून बसतं, तशा फळ्या पाण्यात फुगून एकमेकींवर दाबल्या जातात आणि फटी मिटतात. हिवाळाभर कोरडी राहिलेली बोट वसंतात तळ्यात सोडली, की पहिले दोन-तीन दिवस गळते. मुरलेले मालक त्यात घाबरत नाहीत. बोट उचलायच्या पट्ट्यांमध्ये टांगलेलीच ठेवतात, पंप लावतात, घरी जाऊन जेवतात.

मग ती कुजते कशाने? तळ्याच्या पाण्याने जेवढी कुजत नाही, तेवढी पावसाच्या पाण्याने. डेकच्या फटींतून झिरपलेलं पाणी नाळेच्या पोटात आणि मागच्या फळीच्या खाली साचतं, वारा लागत नाही, आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. वरून झळझळीत दिसणाऱ्या बोटीची फासळी सुरीच्या टोकाने टोचली तर सुरी आत जाते. दोन थरांमधला लेप काही दशकांत वाळून भुगा होतो. पितळी स्क्रूंमधलं जस्त निघून जातं. स्क्रू दिसतो जागेवर, पण पेचकस लावला की मोडतो. खरं तर कंपनीने या तळाचं आयुष्य फार लांबचं धरलंच नव्हतं. मोटारीचे टायर जसे बदलायचे असतात, तसा तो बदलायचा.

दुरुस्तीत सगळ्यांत मोठा धोका पहिल्याच आठवड्यात असतो. उत्साहाच्या भरात कुजकी फळी उचकटली, मग दुसरी, आणि बोटीचा आकारच निसटला, असं होतं. आकार धरून ठेवणारे फळ्या आणि फासळ्या हेच असतात. ते काढले की उरलेला सांगाडा स्वतःच्या वजनाने हवा तसा पसरतो. म्हणून आधी आतून आडवे-तिरके धिरे ठोकायचे, बाहेरून पाळणा करायचा, मापं आणि फोटो घ्यायचे, आणि मगच बोट उलटी करायची. तळ काढतानाही जुना कुजका तुकडा फेकायचा नसतो. मोडक्या चाइनचे चार तुकडे जोडून ठेवले, तर नव्या चाइनचा तोच साचा. एक फासळी बदलून झाल्यावरच शेजारचीला हात लावायचा.

आणि सूत धरायचं. या बोटी पाण्यावर तरंगत जात नाहीत. वेग आला की उचलल्या जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जातात. त्या वेळी सगळा भार तळाच्या मागच्या काही फुटांवर येतो. तो भाग लांबीला दोरीसारखा सरळ हवा. वर्षानुवर्षं ट्रेलरवर चुकीच्या जागी टेकू देऊन ठेवलेल्या बोटीच्या तळाला तिथे बाक येतो. बाक आतल्या बाजूला असेल तर वेगात नाळ पाण्यात दाबली जाते. बाहेरच्या बाजूला असेल तर बोट बेडकासारखी उड्या घेते. हौशी माणूस दोन वर्षं डेकच्या चकाकीवर घालवतो आणि हे सूत एका संध्याकाळी उरकतो. माझ्या मते काम उलट वाटलं पाहिजे.

आता भांडण. तळ नवा करायचाच, तर कसा? जुन्या पद्धतीने, कॅनव्हास आणि लेप घालून, म्हणजे तो पुन्हा पाणी पिईल; की थ्रीएम कंपनीचं ५२०० नावाचं रबरासारखं पॉलियुरेथेन थरांच्या मध्ये भरून, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून कोरडा राहील? दुसऱ्या रीतीत आतला थर बहुधा प्लायवूडचा करतात, लाकडात आधी पातळ इपॉक्सी मुरवतात, आणि बाहेरचा महोगनीचा थर ५२०० मध्ये दाबून स्क्रूंनी आवळतात. जुन्या वळणाची माणसं म्हणतात, ही बोटच नव्हे. शिवाय ५२०० एकदा धरलं की सोडत नाही. पुढच्या पिढीतल्या कुणाला तो तळ उघडायचा झाला, तर फळ्या सोडवता येणार नाहीत, कापाव्याच लागतील. त्या बोलण्यात तथ्य आहे. पण आज बहुतेक बोटी ट्रेलरवर राहतात, शनिवारी पाण्यात जातात आणि रविवारी बाहेर येतात. फुगणं आणि आकसणं दर आठवड्याला होत राहिलं तर जुन्या पद्धतीचा तळ त्यातच मरतो. बोट उन्हाळाभर धक्क्याला बांधलेली राहणार असेल तर कॅनव्हास. ट्रेलरवर फिरणार असेल तर ५२००. एवढ्या साध्या हिशेबावर लोक वर्षानुवर्षं का भांडतात, याचं मला कोडं आहे.

लाकूडकामानंतर चिकाटीचं काम सुरू होतं. प्रत्येक स्क्रूचं डोकं खोल बसवून वर लाकडी बूच ठोकायचं, आणि बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना धरून फिरवायच्या. हजारो बुचं. मग छिद्रं भरणारा दाट, लालसर रंग गोणपाटाने आडवा चोळायचा. मग वॉर्निश. एक हात, वाळू द्यायचा, पॉलिश पेपर, धूळ टिपायची, पुढचा हात. दहा-बारा हात देणं सर्रास चालतं, काही जण वीसवर जातात. कारखान्यात इतका वेळ कुणाकडे होता? युद्धानंतर चांगलं महोगनी मिळेना, तेव्हा कंपनीने काही बोटींना दुसरं लाकूड वापरून वर सरळ रंग फासला होता. आज स्पर्धेत पहिली येणारी बोट अल्गोनॅकच्या दारातून बाहेर पडलेल्या कुठल्याही बोटीपेक्षा गुळगुळीत असते. कॅटलॉगच्या चित्रात होती तशी बोट आता कुठे तयार होते आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मग यातली मूळची बोट कोणती म्हणायची? यावर एका संघटनेने तोडगा काढलेला आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमधल्या लेक जॉर्जला सुरू झालेली अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी बोटींचे गट पाडते. डेक आणि बाजू यांचं बहुतांश लाकूड मूळचं असेल तर ती ‘जतन केलेली’, नाहीतर ‘पुनरुज्जीवित’. तळ मात्र नवा असला तरी चालतो. सोसायटी सुरू झाली तेव्हा या बोटींना फार कुणी विचारत नव्हतं. १९८१ च्या ‘ऑन गोल्डन पाँड’ चित्रपटात हेन्री फोंडाचा म्हातारा १९५० सालची बावीस फुटी क्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्‌समन चालवतो. त्यानंतर गोठ्यांतल्या ताडपत्र्या भराभर उचलल्या गेल्या. मिशिगनच्या उत्तर भागात हेसल गावी दर ऑगस्टमध्ये लाकडी बोटींचा मेळा भरतो, आणि शेजारच्या सीडरव्हिलमध्ये २००७ पासून बोटी बांधायचं शिक्षण देणारी शाळा आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बहुतेकांत हर्क्युलीसच्या ठोकळ्यावर बांधलेलं सहा सिलिंडरचं इंजिन असतं. ‘के’ मॉडेल पंचाण्णव अश्वशक्तीचं. ते तळ्याच्याच पाण्यावर थंड होतं, त्यामुळे आतल्या वाटांत गाळ आणि गंज धरतो. थंडीआधी पाणी काढायचं राहिलं तर बर्फ होऊन ठोकळा चिरतो. बाकी इंजिन सोशिक आहे, सुटे भाग मिळतात, आणि जुन्या मोटारींचे मेकॅनिक ते बिनतक्रार उघडतात.

सगळं झाल्यावर बोट क्रेनने पाण्यात उतरवतात. माणसं वॉर्निशचे फोटो काढत असतात. काम केलेल्याचं लक्ष आत, फळ्यांच्या सांध्यांकडे. पाणी थांबलं, की ती तळ्याच्या मधोमध नेऊन पूर्ण वेग द्यायचा आणि सुकाणू सरळ धरायचं. नाळ एका जागी स्थिर राहिली तर सूत बरोबर धरलं होतं. ती खाली दबायला किंवा उडायला लागली, तर बोट परत वर घ्यायची, उलटी करायची, आणि चकचकीत बाजूंना आधी जाड गाद्या बांधायच्या.