यंत्र नाही, म्हणून तपासणीही नाही?

सौंदडला आमचे कापडाचे दुकान आहे. ‘साहेब तपासणीला आले’ ही खबर लागली की बाजारात अर्धी शटरे खाली येतात. आम्हीही एकदोनदा ओढले आहे, खोटे कशाला बोलायचे? पण ही तपासणी आली कशी, हे प्रत्येक व्यापारी आणि कारागीर बंधूने एकदा समजून घ्यावे.

हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. यंत्रावर चालणाऱ्या आणि १०० किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांनाच तो लागू होता. १८९१ मध्ये ही संख्या ५० झाली, १९२२ मध्ये २०. मधल्या काळात, १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ कामगाराचा दिवस १२ तासांवर आणला. चालत्या यंत्राला आडोसा आहे की नाही, हवा-उजेड किती, हे इन्स्पेक्टर पाहू लागला.

आमच्या भंडारा-गोंदियाकडचा मोठा धंदा मात्र बिडीचा. त्याला यंत्र लागतच नाही. तेंदूपान, तंबाखू, दोरा आणि कात्री, एवढेच सामान. यंत्र नाही म्हणून कायदा नाही, आणि कायदा नाही म्हणून इन्स्पेक्टर नाही! १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात बिडीच्या जागांचे वर्णन केले. खिडकी नसलेल्या कोंदट खोल्या, ओलसर मातीची जमीन, दाटीवाटीने बसलेली माणसे आणि त्यांत लहान मुले. तंबाखूची धूळ दिवसभर छातीत जायची, ती वेगळीच.

मग १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने खास कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या बिनयंत्री कारखान्यांना तो लागू झाला. कामाचे तास आणि मुलांचे काम यांवर त्याने बंधने घातली.

पण धंद्याने वाट काढली. अनेक मालकांनी कारखान्यातले काम सट्टेदारांमार्फत घरोघर वाटले. मालक सुटला. तंबाखूची धूळ मात्र कामगाराच्या घरात, चुलीजवळ आणि पाळण्याजवळ गेली. घरी बिडी वळणाऱ्यांनाही कामगार मानणारा कायदा यायला १९६६ साल उजाडले. जवळजवळ तीस वर्षे गेली.

यात आमच्यासारख्यांना काय धडा? तपासणी चुकवली म्हणून धोका टळत नाही, तो फक्त दुर्बळाच्या घरी जातो. इन्स्पेक्टरने विनाकारण सतावले तर जरूर तक्रार करावी, शेरा लेखी मागावा. पण शटर ओढण्याआधी स्वतःच्या दुकानावर एक नजर टाकावी. विजेची उघडी तार, जिन्यात रचलेली गठाणे, बंद मागचा दरवाजा. कापडाला आग लागायला क्षण पुरतो, आणि आत आपलाच पोरगा असतो.

आम्ही या आठवड्यात मागचा दरवाजा मोकळा केला. आपणही करावा.