जुन्या संगणकाचे नवे रूप

धानोरा तालुक्यातील एका ग्रामसभेच्या कचेरीत तेंदू-बांबूचा जमाखर्च सांभाळणारा जुना संगणक परवा पाहण्यात आला, आणि ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ साली आरंभिलेले, अल्प मेमरीतही सुखाने चालणारे एक्सएफसीई हे मुक्त डेस्कटॉप त्यावर पाहून चित्त प्रसन्न झाले.

त्याचे रूप पालटण्यास ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही: थीम आपल्या होममधील 'डॉट थीम्स' या अदृश्य फोल्डरात ठेवली, की सेटिंग्जच्या 'अपिअरन्स'मध्ये ती हजर होते, खिडक्यांच्या चौकटी मात्र 'विंडो मॅनेजर'मधून निराळ्या बदलाव्या लागतात, आणि नवखे बहुधा येथेच अडतात.

पार्श्वचित्र म्हणून ताडोब्याचा वाघ सर्वांनाच हवा असतो. परंतु त्याच्या पट्ट्यांवर आयकॉनांची नावे वाचवत नाहीत, सबब माझी शिफारस साध्या सागवनाची.

शंका अवश्य विचाराव्यात. सोबत मेमरी किती, तेही कळवावे.